वाचकांचे प्रश्न : युटाच्या कोळसा-मुलखात काय पाहावं आणि कसं

अमेरिकेतल्या युटा राज्यात कार्बन आणि एमरी अशा दोन काउंट्या आहेत. सॉल्ट लेक सिटीहून मोआबकडे निघालेले बहुतेक प्रवासी तिथे फक्त पेट्रोल भरायला थांबतात. या भागाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : सॉल्ट लेक सिटीहून मोआबला जाताना मध्ये दोन दिवस मोकळे आहेत. काय पाहावं आणि कोणत्या क्रमाने?

सॉल्ट लेक सिटीहून आय-१५ महामार्गाने दक्षिणेला स्पॅनिश फोर्कपर्यंत या आणि तिथून यूएस-६ धरा. सोल्जर समिट हा ७,४७७ फुटांचा घाटमाथा ओलांडला की आधी हेल्पर लागतं, मग प्राइस. अंतर साधारण १२० मैल, म्हणजे दोन तास. घाटात ट्रक फार असतात आणि ओव्हरटेक करायला जागा थोडी. घाई करू नका, आणि हिवाळ्यात निघण्यापूर्वी रस्त्याची स्थिती पाहून घ्या.

पहिला दिवस संग्रहालयांना द्या. सकाळी हेल्परचं खाण आणि रेल्वे संग्रहालय, दुपारी प्राइसमधलं प्रागैतिहासिक संग्रहालय, आणि वेळ उरला तर प्राइसच्या नगरपालिका इमारतीतलं भित्तिचित्र. दुसऱ्या दिवशी कातळचित्रांची नाइन माइल कॅन्यन ही दरी किंवा सॅन राफाएल स्वेल हा उंचावलेला खडकाळ मुलूख, दोन्हींपैकी एकच. दोन्हीकडे पूर्ण दिवस लागतो. दोन्ही उरकू पाहणाऱ्यांना शेवटी काचेतून धूळच दिसते.

संग्रहालयं आधी सांगण्यामागे कारण आहे. या मुलखात जमिनीवर फार कमी उरलंय. एखादा दगडी पाया, बोगद्याचं बुजवलेलं तोंड, टिपल म्हणजे कोळसा चाळून वॅगनीत भरायच्या इमारतीचे खांब. संग्रहालय न पाहता गेलात तर हे नुसते ढिगारे वाटतात.

वार मात्र नीट निवडा. युटाच्या लहान गावांत रविवारी बरीच दुकानं, खानावळी आणि संग्रहालयं बंद असतात. २४ जुलैला ‘पायोनिअर डे’ची राज्यभर सुट्टी असते. मिरवणूक पाहायची असेल तर तो दिवस चांगला, पण संग्रहालयासाठी तो धरू नका.

प्रश्न : कोळशाच्या खाणीत आत उतरायला मिळतं का? आणि रस्त्याकडेला दिसणाऱ्या जुन्या बोगद्यांत डोकावलं तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर नाही. चालू खाणींत पर्यटकांना नेत नाहीत आणि खास पाहण्यासाठी उघडी ठेवलेली कोळसा-खाणही इथे नाही. दुसऱ्याचं उत्तर त्याहून ठाम नाही.

छत कोसळेल एवढीच भीती लोकांना वाटते. खरा धोका हवेचा आहे. बंद बोगद्यात कुजणारं लाकूड आणि उघडा कोळसा ऑक्सिजन शोषून घेतात, आणि उरतो तो नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. कार्बन डायऑक्साइड जड असल्यामुळे उतारावर आणि खड्ड्यांत साचतो. माणूस चार पावलं खाली उतरतो, गुडघ्यांतून जातो, आणि त्याला उचलायला धावलेला दुसराही त्याच जागी पडतो. शिवाय कोळशाच्या थरातून मिथेन झिरपतो. हवेत तो ५ ते १५ टक्के असला तर एक ठिणगी पुरते.

दक्षिणेकडच्या टेंपल माउंटनच्या जुन्या युरेनियम खाणींत रेडॉन हा किरणोत्सारी वायू साचतो. तिथे जमिनीत उभे खोदलेले कूपही असतात आणि त्यांच्यावरच्या फळ्या कुजलेल्या असतात. कुठे जुना डायनामाइट दिसला तर हात लावू नका, लाथही मारू नका. वर्षानुवर्षं पडून त्यातून नायट्रोग्लिसरीन पाझरतं आणि ते नुसत्या धक्क्यानेही फुटतं. आलात तसे मागे फिरा, जागा लक्षात ठेवा आणि काउंटीच्या शेरीफला कळवा.

काही तोंडांवर लोखंडी गज बसवलेले दिसतील. ते माणसांना अडवण्यासाठी आहेत, पण त्यांतल्या आडव्या फटी वटवाघळांच्या ये-जा करण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या असतात. गज वाकवून आत शिरू नका.

प्रश्न : हेल्परच्या संग्रहालयात वस्तू खूप आहेत असं ऐकलं. दोन तासांत नेमकं काय पाहावं?

संग्रहालय जुन्या हॉटेल हेल्परच्या इमारतीत आहे. इमारत अनेक मजल्यांची आहे. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर जिन्यांबद्दल दाराशीच विचारून घ्या.

गावाच्या नावापासून सुरुवात करू. कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटात गाडीला मागून जोर द्यायला बँकर इंजिन लावतात, तेच इथलं ‘हेल्पर’. हेल्परपासून सोल्जर समिटपर्यंत चढ २.४ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे साधारण ४२ फुटांना एक फूट. कोळशाने भरलेल्या गाडीला एवढा चढ एकट्या इंजिनाने झेपत नसे. म्हणून जादा इंजिनं आणि त्यांचे कामगार याच गावात ठेवले जात. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेची लाइन १८८३ मध्ये या खोऱ्यातून गेली. त्या इंजिनांनाच कोळसा लागे आणि तो पलीकडच्या डोंगरातच होता. रेल्वे आणि खाणी इथे एकमेकींच्या आधाराने वाढल्या, हे एवढं डोक्यात ठेवून पुढच्या वस्तू पाहा.

दिव्यांपाशी थांबा. कार्बाइडच्या दिव्याचे दोन कप्पे असतात. वरच्यात पाणी, खालच्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे. वरचा खटका सरकवला की पाणी थेंबथेंब खाली पडतं, ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि बारीक नळीतून बाहेर येऊन जळतो. मागची चकती उजेड पुढे फेकते. पाणी जास्त सोडलं तर ज्योत भडकते, कमी सोडलं तर मिणमिणते. नळीत काजळी अडकली तर दिवा विझतो, म्हणून कामगारांच्या खिशात बारीक तार असे. एका भरणीत काही तास निघत. मग खालची चुन्याची पांढरी राख खरवडून टाकायची आणि पुन्हा खडे भरायचे.

त्याच्या शेजारी सेफ्टी लॅम्प असला तर फरक लक्षात येईल. यात ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असते. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतली ज्योत बाहेरच्या वायूला पेटवत नाही. हा दिवा उजेडापेक्षा तपासणीसाठी जास्त वापरत. वात बारीक करून धरली आणि ज्योतीवर निळसर टोपी दिसली, की हवेत मिथेन आहे. टोपी जितकी उंच, तितका वायू जास्त. ज्योत मंद होत विझायला लागली तर ऑक्सिजन कमी. कार्बाइडच्या दिव्यात मात्र उघडी ज्योत जळते. मिथेन असलेल्या खाणीत तो डोक्यावर मिरवायचा म्हणजे काय, ते इथल्या दफनभूमींत कळतं.

पितळी बिल्ले चुकवू नका. प्रत्येक कामगाराचा नंबर कोरलेला असे. आत जाताना एक बिल्ला बाहेरच्या फळीवर राही, त्यामुळे दुर्घटना झाली तर आत कोण आहे ते कळे. दुसऱ्या कामाचे बिल्ले कोळसा भरलेल्या गाड्यांना अडकवत. मजुरी टनावर मिळे, आणि कोणाची गाडी हे वजनकाट्यावर त्या बिल्ल्यावरूनच ठरे. काट्यावर मापात मारतात ही खाण-कामगारांची जुनीच तक्रार, आणि संपांमागचं ते एक मोठं कारण. कंपनीच्या दुकानात चालणारी स्क्रिप नावाची नाणीही पाहा. पगाराआधी उचल हवी असेल तर ती या नाण्यांत मिळे आणि ती खर्चायची कंपनीच्याच दुकानात. डावीकडून दिलेलं उजवीकडून परत घ्यायची ही सोय होती.

बाहेर पडल्यावर मुख्य रस्त्याने थोडं चाला. ‘बिग जॉन’ नावाचा काळा, धिप्पाड खाण-कामगाराचा पुतळा दिसेल. जुन्या दुकानांत आता चित्रकारांच्या गॅलऱ्या आहेत. त्या बऱ्याचदा दुपारीच उघडतात.

प्रश्न : स्कोफील्डची दफनभूमी पाहण्यासारखी आहे का? लहान मुलांना न्यावं का?

जरूर पाहा. मुलांना नेताना मात्र आधी थोडं सांगून ठेवा.

१ मे १९०० रोजी स्कोफील्डजवळच्या विंटर क्वार्टर्स खाणीत स्फोट झाला. अधिकृत आकडा २०० मृत्यूंचा. स्फोट झाला ४ नंबरच्या खाणीत, पण मेलेल्यांत मोठी संख्या शेजारच्या, आतून जोडलेल्या १ नंबरमधल्या माणसांची होती. त्यांच्यापर्यंत आग पोचलीच नाही. पोचला तो स्फोटानंतर उरणारा विषारी वायू, ज्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. सॉल्ट लेकमध्ये शवपेट्या पुरल्या नाहीत, काही डेन्व्हरहून मागवाव्या लागल्या. मृतांत फिनलंडहून आलेले कामगार फार होते. दफनभूमीत फिरताना एकच तारीख कोरलेले दगड रांगेने दिसतात.

दुसरी मोठी दुर्घटना ८ मार्च १९२४ची, हेल्परच्या वरच्या अंगाला कॅसल गेटच्या खाणीत. बचावाला उतरलेल्या एकासह १७२ माणसं गेली. त्यांत ग्रीक, इटालियन, जपानी असे अनेक देशांतले लोक होते. पहिल्या स्फोटात वाचलेल्यांनी विझलेले दिवे पुन्हा पेटवले आणि दुसरा स्फोट झाला, असं मानलं जातं.

दोन्ही ठिकाणी खरी दाहक वस्तू होती कोळशाची भुकटी. मिथेनचा छोटा भडका जमिनीवरची, खांबांवरची भुकटी हवेत उडवतो. ती पेटते, पुढची भुकटी उडते, तीही पेटते, आणि बोगदाच बंदुकीची नळी होतो. भुकटी ओली ठेवणं हा जुना उपाय होता, पण कोरड्या हवेत पाणी लगेच उडून जाई. नंतर चुनखडीची पांढरी पूड भिंतींवर मारायची पद्धत आली. ती जळत नाही, उलट उष्णता शोषून ज्वाळेची साखळी तोडते. अमेरिकेच्या आजच्या नियमाप्रमाणे भूमिगत कोळसा-खाणीतल्या धुळीत किमान ८० टक्के भाग न जळणारा असावा लागतो. चालू खाणीच्या फोटोत भिंती पांढऱ्या का दिसतात, ते यावरून कळेल.

स्कोफील्डला यूएस-६ सोडून युटा-९६ने जायचं. गाव ७,६०० फुटांहून उंच आहे, मे महिन्यातही बर्फ असू शकतं, आणि गावात फारशा सोयी नाहीत. विंटर क्वार्टर्सची मूळ जागा खासगी जमिनीत आहे, कुंपण ओलांडू नका. कॅसल गेटचं गावही आता नाही, १९७०च्या दशकात तिथली घरं उचलून हेल्परला नेली. ज्या दोन उभ्या कड्यांमुळे ‘किल्ल्याचं दार’ हे नाव पडलं त्यांतला एक महामार्ग रुंद करताना उडवला. त्यामुळे फोटोत दाराची एकच बाजू येते.

प्रश्न : ‘पायोनिअर’ म्हणजे नेमकं कोण? खाण-कामगार की मॉर्मन शेतकरी?

युटात हा शब्द आधी मॉर्मन या धर्मपंथाच्या वसाहतकारांना लागतो. त्यांची पहिली तुकडी २४ जुलै १८४७ला सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. कॅसल व्हॅली, म्हणजे आजच्या एमरी काउंटीचा सपाट भाग, मात्र खूप उशिरा वसला. मॉर्मनांचे नेते ब्रिगम यंग यांनी तिथे जाण्याचं आवाहन ऑगस्ट १८७७मध्ये केलं आणि त्याच महिन्यात ते वारले.

आलेल्या कुटुंबांनी पहिला हिवाळा नदीकाठच्या दरडीत खोदलेल्या बिळवजा घरांत काढला. लाकूड दूर डोंगरात होतं, आणि पाटाचं पाणी आल्याशिवाय पीक नव्हतं. पाट खणले तेव्हा दुसरंच संकट उभं राहिलं. इथली जमीन मँकोस शेल या करड्या खडकाची, समुद्रतळाच्या गाळापासून बनलेली. पाणी दिलं की तिच्यातले क्षार वर येतात आणि शेतावर पांढरा थर धरतो. जास्त पाणी दिलेली चांगली शेतं अशी वाया गेली. हंटिंग्टन ते कॅसल डेल रस्त्यावर आजही कडेला मिठासारखे पांढरे पट्टे दिसतात.

खाणींत मात्र जगभरचे लोक आले. उत्तरेला खाणी, दक्षिणेला शेती असे दोन वेगळे समाज झाले, आणि १८९४मध्ये एमरीतून कार्बन काउंटी वेगळी निघाली. कॅसल डेलच्या संग्रहालयात वसाहतकारांच्या घरातल्या वस्तू पाहा आणि मग प्राइसमधलं १९१६चं ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च पाहा. दोन्ही एका दिवशी पाहिलीत की हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

प्राइसच्या नगरपालिकेतलं भित्तिचित्र दोन्ही गोष्टी एकत्र सांगतं. लिन फॉसेट यांनी ते १९३८ ते १९४१ या काळात मंदीतल्या सरकारी रोजगार योजनेतून रंगवलं. चित्र सुमारे २०० फूट लांब, पण फक्त चार फूट उंच. ते दिवाणखान्याच्या वरच्या पट्ट्यासारखं भिंतींवरून फिरतं. कार्यालय उघडं असतं त्या वेळातच पाहता येतं.

प्रश्न : साध्या सेडान गाडीने नाइन माइल कॅन्यनला जाता येईल का?

येईल. मुख्य रस्ता आता डांबरी आहे. पूर्वी गॅसच्या ट्रकांची धूळ आणि ती बसवायला मारलेलं मॅग्नेशियम क्लोराइड कातळचित्रांवर बसत होतं, त्यावरून बराच वाद झाला आणि मग रस्ता पक्का झाला.

नावावर जाऊ नका, दरी नऊ मैलांची नाही, चाळीसच्या आसपास आहे. वेलिंग्टनहून वळायच्या आधी टाकी पूर्ण भरा. आत पेट्रोल नाही, खाणं नाही, पाणी नाही, आणि बहुतेक ठिकाणी फोनही लागत नाही. माणशी किमान चार लिटर पाणी ठेवा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. टोकाचं ‘ग्रेट हंट’ हे शिकारीचं प्रसिद्ध कोरीवकाम कॉटनवूड कॅन्यन या फाट्यात आहे. आधी थेट तिथे जा आणि परतताना बाकीची पाहत या. उलट केलंत तर पहिल्या दहा मैलांतच दिवस संपतो.

ही चित्रं मुख्यतः इथल्या मूळ रहिवाशांच्या फ्रीमाँट संस्कृतीची, हजार-एक वर्षांपूर्वीची. कोरलेली आणि रंगवलेली अशी दोन्ही प्रकारची आहेत. दगडावरचा काळपट थर टोचून काढला की खालचा फिका खडक दिसतो, ते कोरीव. हात लावू नका, बोटांचं तेल खडकात मुरतं. खडूने रेषा ठळक करणं, पाणी मारून फोटो काढणं, कागद ठेवून घासून ठसा घेणं यांपैकी काहीही करू नका. नुकसान केलं तर संघराज्याच्या कायद्याखाली खटला होतो. दुर्बीण मात्र न्या, बरीच चित्रं रस्त्यापासून उंचावर आहेत.

प्रश्न : मुलाला डायनासोरचं वेड आहे. तिथे सापडलेलं हाड घरी आणता येईल का?

सरकारी जमिनीवरून हाड उचलणं गुन्हा आहे, मग ते नखाएवढं का असेना. पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय घेता येत नाहीत. बीएलएम, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणारं संघराज्याचं खातं, त्याच्या जमिनीवर शिंपल्यांचे किंवा पानांचे साधे जीवाश्म स्वतःसाठी थोडे घेता येतात. अश्मीभूत लाकूड दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला २५० पौंडांपर्यंत. राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत मात्र काहीच उचलू नका.

हाड पाहायला क्लीव्हलँड-लॉइड या डायनासोरच्या हाडांच्या खाणीला जा. २०१९पासून ती ज्युरासिक नॅशनल मॉन्युमेंट आहे. इथून १२,००० पेक्षा जास्त हाडं निघाली, आणि नवल असं की बहुतेक मांसाहारी प्राण्यांची, त्यातही ॲलोसॉरसची. साधारणपणे शिकार जास्त आणि शिकारी कमी असतात, इथे उलटं का, यावर अजून एकमत नाही. मुलाला हे कोडं आधी सांगून ठेवा, वाटेत गप्पांना विषय होईल. शेवटचा रस्ता खडीचा आहे. हिवाळ्यात बंद असतं आणि मोसमातही आठवड्याचे काही दिवसच उघडतं. परत येताना प्राइसच्या संग्रहालयात हंटिंग्टनचा मॅमथ पाहा. तो १९८८मध्ये सुमारे ९,००० फुटांवर धरणाच्या कामात सापडला.

प्रश्न : सॅन राफाएल स्वेलच्या कच्च्या रस्त्यांवर पाऊस लागला तर काय करायचं?

थांबायचं. इथली माती बेंटोनाइट असलेली आहे. ओली झाली की फुगते आणि साबणासारखी होते. चारही चाकांना जोर देणारी गाडीसुद्धा सरकते, कारण खाचांत चिखल भरून टायर गुळगुळीत होतो. रस्ता अडवणार नाही अशा उंच जागी गाडी लावा. ऊन पडलं की माती काही तासांत वाळते, कधी एक रात्र लागते. म्हणून पांघरूण आणि एका जेवणाचा जास्त शिधा जवळ असू द्या.

ओढ्याच्या पात्रात मुक्काम करू नका. वीस मैलांवर पडलेल्या पावसाचा लोंढा कोरड्या आभाळाखाली येतो. अरुंद घळींत जुलै ते सप्टेंबर दुपारनंतर शिरू नये.

रस्ता कोरडा असेल तर कॅसल डेलजवळून वेज ओव्हरलूक, मग बकहॉर्न वॉशमधलं रंगीत चित्रपटल, मग १९३७चा झुलता पूल असं करत दक्षिणेला आय-७० गाठा. वेजच्या कड्याला कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका. आय-७०वर ग्रीन रिव्हर आणि सलायना यांच्या मधल्या शंभरहून जास्त मैलांत एकही पेट्रोल पंप नाही. स्वेलमध्ये भटकून पाव टाकीवर आलेले लोक तिथे अडकतात.

प्रश्न : बुच कॅसिडीने दरोडा घातला ती जागा दाखवतात का?

कॅसल गेटजवळ, पण पाहायला काही नाही. २१ एप्रिल १८९७ला त्याने साथीदारासह प्लेझंट व्हॅली कोल कंपनीचा पगार, सुमारे ७,००० डॉलरचं सोनं, भर दुपारी पळवला. गोष्ट चांगली आहे. जागा म्हणजे महामार्गाची कड, आणि तिथे थांबणं धोक्याचं.

प्रश्न : गाडी चालवायची नाही. रेल्वेने येता येईल का?

ॲमट्रॅकची कॅलिफोर्निया झेफर हेल्परला थांबते, दिवसातून एक गाडी इकडे आणि एक तिकडे. उशीर नेहमीचा. उतरल्यावर पुढे जायला सार्वजनिक वाहन नाही, त्यामुळे रेल्वेने आलात तर फक्त हेल्पर गाव पायी होईल. बाकीच्यासाठी सॉल्ट लेकहूनच भाड्याची गाडी घ्या आणि करारात कच्च्या रस्त्यांबद्दल काय लिहिलंय ते सही करण्यापूर्वी वाचा. बऱ्याच कंपन्यांचा विमा डांबर सुटलं की लागू होत नाही.